चारशे मागण्यांच्या यादीतून विद्यापीठाचा पंचवार्षिक आराखडा कसा काढावा

प्रश्न थोडक्यात असा आहे : खान्देशातल्या विद्यापीठाच्या पंचवार्षिक विकास आराखड्याच्या मसुदा समितीवर एका प्राध्यापकांची नेमणूक झाली आहे. प्रशाळा आणि विभागांकडून मागण्या मागवल्या, तर चारशेच्या वर ओळींची यादी जमली. मसुदा साडेतीन महिन्यांत द्यायचा आहे. या यादीतून आराखडा कसा काढायचा, पैसे कसे बसवायचे आणि तो पाच वर्षे चालावा म्हणून काय तजवीज करायची, असे त्यांनी विचारले आहे.

सर, ती यादी आधी बाजूला ठेवा. फेकू नका, पुढे लागेल. पण तिच्यापासून सुरुवात केली, तर साडेतीन महिने कोणाची ओळ ठेवायची आणि कोणाची काढायची यातच जातील. कोणालाच दुखवायचे नाही म्हणून शेवटी सगळ्यांचे थोडे थोडे घेतले जाते आणि कोणतेच काम पुरे होईल एवढा पैसा कशालाच मिळत नाही. सुरुवात तीन गोष्टींपासून करा : शिकवणारे हात किती आहेत, खात्रीचा पैसा किती आहे आणि पुढच्या पाच वर्षांत कोणते विद्यार्थी दारात येणार आहेत. हे तीन आकडे कागदावर आले की चारशेतल्या तीनशे ओळी आपोआप गळतात, आणि त्या का गळल्या हे प्रत्येक विभागाला दाखवता येते.

त्याआधी एक खुलासा करून घ्या, कारण इथेच बहुतेक समित्या गोंधळतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम १०७ खाली जो पंचवार्षिक बृहत आराखडा होतो, त्याचा मुख्य विषय कार्यक्षेत्रात कुठे कोणते महाविद्यालय आणि कुठे कोणता अभ्यासक्रम हवा हा असतो. तो अधिष्ठाता मंडळ तयार करते आणि पुढे प्राधिकरणांतून जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२४ मध्ये ज्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली, तो संस्थात्मक विकास आराखडा वेगळा. त्यात विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रशाळा, माणसे, इमारती, संशोधन, वित्त, डिजिटल व्यवस्था हे सगळे येते. तुमच्या आदेशात कोणता शब्द आहे तो पाहा. दोन्ही एकाच समितीकडे असले, तरी कागद दोन ठेवा आणि आधारसामग्री मात्र एकच वापरा. एकात दुसरा कोंबला की संलग्न महाविद्यालयांचे अर्ज आणि प्रयोगशाळेची उपकरणे एकाच बैठकीत चर्चेला येतात, आणि वेळ सगळा अर्जांवर जातो.

आता आधारसामग्री. पहिले तीन आठवडे फक्त हिला द्या. वित्त व लेखा विभागाचा माणूस पहिल्या बैठकीपासून बसवा. तो शेवटी आला, तर सगळी गणिते पुन्हा करावी लागतात. लिहिणारे चार-पाचच असावेत, बाकी समिती ऐकण्यासाठी आणि तपासण्यासाठी. मागच्या पाच वर्षांची प्रत्येक अभ्यासक्रमाची मंजूर क्षमता, प्रत्यक्ष प्रवेश, दुसऱ्या वर्षाला पोचलेले आणि पदवी घेतलेले विद्यार्थी असा तक्ता करा. इथे पहिला अडथळा येईल : एआयएसएचईचा (केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणाचा) आकडा, महाविद्यालये-विद्यापीठांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या वार्षिक अहवालातला आकडा आणि परीक्षा विभागाचा आकडा जुळणार नाही. त्यात बहुधा कोणाची लबाडी नसते. प्रत्येकाची संदर्भ तारीख वेगळी असते, पीएच.डी.चे विद्यार्थी एकीकडे नोंदणीप्रमाणे तर दुसरीकडे चालू संख्येप्रमाणे मोजलेले असतात, आणि तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तासांप्रमाणे मानधन घेणारे प्राध्यापक एका ठिकाणी धरलेले तर दुसरीकडे सोडलेले असतात. एक तारीख ठरवा, एक व्याख्या ठरवा, कुलसचिवांच्या सहीने तो तक्ता गोठवा. पुढच्या पाच वर्षांची प्रत्येक तुलना त्याच तक्त्याशी होणार आहे.

विद्यार्थी कुठून येतात, हे जिल्हावार पाहून चालत नाही, तालुकावार पाहावे लागते. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे म्हणजे तीन वेगळे प्रदेश आहेत आणि त्यांच्या आतही फरक मोठा आहे. नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव ही सुरत-जळगाव लोहमार्गावरची गावे, तिथला विद्यार्थी गाडीने जळगावला येऊ शकतो. शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि धडगाव यांना रेल्वे नाही. अक्कलकुवा तालुक्यातल्या मोलगीच्या मुलीने आधी घाट उतरून नंदुरबार गाठायचे आणि तिथून पुढे सुमारे दीडशे किलोमीटर यायचे, म्हणजे तिच्यासाठी प्रवेश हा वसतिगृहाचा प्रश्न असतो, अभ्यासक्रमाचा नंतर. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. या जिल्ह्याला जळगावच्या सरासरीत मिसळून टाकणारा आराखडा मुळातच चुकलेला असतो.

तालुकावार तक्त्यात चार रकाने पुरेत : बारावी उत्तीर्ण, पदवी प्रथम वर्षाला प्रवेश, पदवी पूर्ण, पदव्युत्तर प्रवेश. कुठल्या पायरीवर गळती आहे ते लगेच दिसते. बारावी ते पदवी या पायरीवर गळती असेल, तर जवळ महाविद्यालय किंवा वसतिगृह लागेल. पदवीच्या आत असेल, तर दोष वेळापत्रकात आणि स्थलांतरात शोधा. सातपुड्यातली कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत उतरतात आणि मुले सोबत जातात किंवा घर सांभाळायला मागे राहतात. होळीच्या आठवड्यात अक्कलकुवा-धडगावच्या पट्ट्यात वर्ग भरत नाहीत. काठी गावची होळी सोडून अंतर्गत परीक्षा द्यायला कोण येणार? त्या महाविद्यालयांना अंतर्गत मूल्यमापनाची तारीख पुढेमागे घेण्याची मुभा द्यायला एक रुपया लागत नाही. अशा बिनखर्ची ओळी आराखड्यात जरूर घ्या. पहिल्याच वर्षी पूर्ण होणाऱ्या ओळी असतात त्या.

आता माणसे. आराखड्यात सर्वांत जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी ८८ श्रेयांकांची, म्हणजे सत्राला २२. सिद्धान्ताच्या एका श्रेयांकाला सत्रात १५ तास आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे आठवड्याला अनुक्रमे १ आणि २ तास. समजा, एका विज्ञान विषयात सत्राला १४ श्रेयांक सिद्धान्ताचे आणि ८ प्रात्यक्षिकाचे आहेत. प्रात्यक्षिकाची एकच तुकडी असेल, तर १४ + १६ = ३० तास. दोन्ही वर्षे एका वेळी चालतात, म्हणून ६०. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाचे प्रत्यक्ष अध्यापन आठवड्याला १६ तास. ६० भागिले १६, म्हणजे चार माणसे. आता विभागाने प्रवेशक्षमता २० वरून ४० करण्याची मागणी केली. सिद्धान्ताचे तास तेच राहतील, पण प्रात्यक्षिकाच्या दोन तुकड्या कराव्या लागतील : १४ + ३२ = ४६, दोन वर्षांचे ९२, म्हणजे सहा माणसे. अर्ज फक्त 'जागा वाढवून द्या' असा येतो, दोन पदांचा उल्लेख त्यात नसतो. ती पदे आकृतिबंधात, म्हणजे शासनमान्य पदांच्या यादीत नसतील, तर तासिका तत्त्वावर भरावी लागतील आणि त्यांचे मानधन विद्यापीठाच्या स्वनिधीतून जाईल.

हे गणित प्रत्येक अभ्यासक्रमाचे करा. सोबत निवृत्तीचा तक्ता लावा : कोणत्या वर्षी कोणत्या विषयातले कोण निवृत्त होणार. पाच वर्षांत ज्या प्रशाळेत निम्मी मंजूर पदे रिकामी होणार, तिथे नवीन अभ्यासक्रम लिहूच नका. पदभरतीला शासनाची मान्यता, बिंदुनामावलीची (आरक्षणाप्रमाणे पदांच्या क्रमाची) तपासणी, जाहिरात, छाननी, मुलाखत या सगळ्यांतून जावे लागते. यांतली एक पायरी अडली तरी वर्ष निघून जाते. भरती अमुक वर्षी होईल असे गृहीत धरून लिहिलेली ओळ 'कशावर अवलंबून' या रकान्यात तसे नोंदवूनच ठेवावी.

माझे मत असे की एक नवीन अभ्यासक्रम सुरू करायचा, तर एक जुना बंद किंवा विलीन करण्याची अट आराखड्यातच घालावी. तीन वर्षांची सरासरी भरती मंजूर क्षमतेच्या ४० टक्क्यांच्या खाली असेल, तर अभ्यासक्रम पुनर्रचनेला घ्या. अपवाद मात्र विचारपूर्वक ठेवा. अहिराणी, भिली, पावरी या भाषांच्या नोंदी ठेवणे किंवा अमळनेरच्या तत्त्वज्ञान परंपरेशी जोडलेले काम प्रवेशसंख्येच्या मापाने तोलू नये. या भागातले विद्यापीठ ते करणार नाही, तर दुसरे कुठले करणार?

संशोधनाचे विषय निवडतानाही हाच विवेक लागतो. रावेर-यावलच्या केळीवर सगळ्यांनाच काम करायचे असते. पण केळीची लागवड आणि वाण हे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे क्षेत्र आहे, आणि जळगावात त्यांचे केळी संशोधन केंद्रही आहे. पारंपरिक विद्यापीठाने काढणीनंतरची हाताळणी, प्रक्रिया, खोडाचा धागा, विषाणूंची प्रयोगशाळेतली तपासणी इकडे वळावे. तिथे आपली रसायन तंत्रज्ञान आणि जीवशास्त्राची माणसे उपयोगी पडतात. तापीच्या गाळाच्या पट्ट्यात यावल, रावेर, चोपडा इथे भूजल खाली चालले आहे, त्यावर भूशास्त्र, पर्यावरण आणि संगणक या तिघांनी मिळून काम करण्यासारखे आहे. असे दोन-तीन विषय घ्या, दहा नकोत.

पैशांच्या तीन वेगळ्या वह्या करा. पहिली, शासनाचे वेतन अनुदान. ते विकासाला वापरता येत नाही, म्हणून त्याचा आकडा दाखवून आराखडा मोठा करू नका. दुसरी, स्वनिधी : परीक्षा शुल्क, संलग्नता शुल्क, पदव्युत्तर विभागांचे शुल्क, ठेवींवरचे व्याज. तिसरी, प्रकल्प आणि योजनांचा निधी, उदाहरणार्थ पीएम-उषा ही केंद्राची उच्च शिक्षणाची योजना, ज्यात महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी केंद्राचा वाटा ६० आणि राज्याचा ४० असतो. दोन्ही वाटे एकाच दिवशी येत नाहीत, हे रोखीच्या वेळापत्रकात धरा.

स्वनिधीकडे जास्त लक्ष द्या, कारण पाच वर्षांत तो बदलणार आहे. मोठी महाविद्यालये स्वायत्त होत आहेत. स्वायत्त महाविद्यालय परीक्षा स्वतः घेते, पदवी विद्यापीठ देते. म्हणजे परीक्षा शुल्काचा मोठा भाग तिकडे राहतो, पण विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचा पगार, छपाईची यंत्रणा आणि इमारत तशीच राहते. समजा, परीक्षा शुल्काच्या दर १०० रुपयांतले ४० रुपये सर्वांत मोठ्या दहा महाविद्यालयांकडून येतात. त्यांतली तीन, सहा किंवा दहाही स्वायत्त झाली तर काय, अशी तीन चित्रे वर्षवार मांडा आणि मधले चित्र धरून आराखडा करा. मागच्या वर्षीच्या जमेत सरसकट १० टक्के वाढवून पाच वर्षांचे अंदाजपत्रक करणे इथून पुढे धोक्याचे आहे. शिष्यवृत्तीतून येणारी शुल्काची रक्कमही खात्यात जमा होईपर्यंत येणे म्हणूनच दाखवा.

भांडवली खर्चाच्या मागे येणारा आवर्ती, म्हणजे दरवर्षी लागणारा खर्च प्रत्येक ओळीसमोर लिहायला लावा. समजा, ६० लाखांचे उपकरण मागितले आहे. हमी कालावधी संपला की वार्षिक देखभाल करार किमतीच्या ५ ते १० टक्क्यांचा, म्हणजे वर्षाला ३ ते ६ लाख. शिवाय वातानुकूलन, युपीएस, वायूचे सिलिंडर, रसायने आणि चालवायला एक प्रशिक्षित माणूस. जळगावचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो. वीज गेली आणि वातानुकूलन बंद पडले, तर आधी उपकरणच आजारी पडते. विद्यापीठांत बंद पडलेली उपकरणे मोजली, तर पैसा नव्हता म्हणून बंद असलेल्यांपेक्षा देखभालीची ओळच नव्हती म्हणून बंद पडलेली जास्त सापडतील. अशी उपकरणे विभागवार वाटण्यापेक्षा एका सामायिक केंद्रात ठेवा आणि बाहेरच्या उद्योगांना तपासणीचे दर लावा.

आता एक ओळ जवळून पाहू. मागणीपत्रात असते : 'मुलींसाठी सुसज्ज वसतिगृह उभारणे.' ही इच्छा झाली. आराखड्यातली ओळ करायची तर आधी मागच्या तीन वर्षांची प्रतीक्षा यादी काढा. समजा, १०० जागांची गरज दिसली. मुलीमागे एकूण १५ चौरस मीटर धरले, तर १५०० चौरस मीटर बांधकाम. दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या चालू दरसूचीतून घ्या आणि फर्निचर, वीज, रस्ता, कुंपण यांची वेगळी ओळ करा. जागेची माती काळी असेल, तर पायाचा खर्च वाढतो, कारण पावसात फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी ही माती साध्या पायाला दाद देत नाही. म्हणून मृदा परीक्षण अंदाजपत्रकाच्या आधी, नंतर नव्हे. पाणी माणशी दिवसाला १३५ लिटर, म्हणजे रोज साडेतेरा हजार लिटर. मे महिन्यात ते कुठून येणार हे लिहा. चोवीस तास एक सुरक्षारक्षक हवा, तर आठवडी सुट्या धरून चार माणसे लागतात. अधीक्षिका एक, सफाई दोन, हा खर्च इमारत पूर्ण होण्याच्या वर्षापासून कायमचा.

आणि वेळ. प्रशासकीय मान्यता, नकाशे, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश यात आठ-दहा महिने जातात. मध्ये आचारसंहिता लागली की आणखी दोन. लोकसभा, विधानसभा, स्थानिक स्वराज्य संस्था, शिवाय नाशिक विभागाच्या शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांच्या निवडणुका धरल्या, तर पाच वर्षांत हे अनेकदा येणार. बांधकामाला अठरा महिने. पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये हात घातला, तर इमारत तिसऱ्या वर्षात पूर्ण होईल आणि चौथ्या वर्षाच्या जूनमध्ये मुली राहायला येतील. जून हुकला आणि इमारत सप्टेंबरात तयार झाली, तर तोवर मुलींनी खोल्या घेतलेल्या असतात किंवा प्रवेशच सोडलेला असतो, आणि इमारत वर्षभर अर्धी रिकामी राहते. म्हणून बांधकामाची अंतिम तारीख ३१ मार्च लिहू नका, १५ मे लिहा. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते, शैक्षणिक वर्ष जून-जुलैला, आणि विद्यार्थ्याच्या उपयोगाची तारीख शैक्षणिक वर्षाचीच असते.

याच कारणाने पाच वर्षांचा खर्च समान वाटू नये. पहिल्या वर्षी १० टक्के, मग २०, ३०, २५ आणि १५ अशी वाटणी वास्तवाला धरून असते. पहिल्या वर्षी ३० टक्के लिहिले, की मार्चमध्ये निधी खर्ची टाकायची घाई होते, जेम या शासकीय खरेदीच्या संकेतस्थळावरून न लागणाऱ्या वस्तू येतात आणि निधी योग्य कामाला वापरल्याची उपयोगिता प्रमाणपत्रे अडकतात. अडकलेल्या प्रमाणपत्रामुळे पुढचा हप्ता थांबतो.

तर प्रत्येक ओळीला हे रकाने हवेत : क्रमांक, काम, आजची स्थिती, वर्षवार लक्ष्य, जबाबदार पद, लेखाशीर्ष, भांडवली रक्कम, आवर्ती रक्कम, कशावर अवलंबून, पूर्ण झाल्याचा पुरावा. जबाबदारीच्या रकान्यात पद लिहा, व्यक्तीचे नाव नको आणि 'सर्व विभाग' तर मुळीच नको. मोठी उद्दिष्टे आठ ते दहा, त्यांखाली सगळ्या मिळून साठ-सत्तर ओळी, यापेक्षा जास्त सांभाळणारी यंत्रणा आपल्याकडे नसते. क्रमवारीत अमुक स्थान मिळवू, हे लक्ष्य लिहू नका. ते इतरांच्या कामगिरीवरही ठरते. पीएच.डी. वेळेत पूर्ण होण्याचे प्रमाण, निकाल लागायला लागणारे दिवस, दुसऱ्या वर्षाला टिकलेले विद्यार्थी, हे आपल्या हातातले आहे.

आराखडा जिवंत ठेवण्याचा खात्रीचा मार्ग अंदाजपत्रकातून जातो. दरवर्षीच्या अंदाजपत्रकात विकासाच्या प्रत्येक तरतुदीसमोर आराखड्यातल्या ओळीचा क्रमांक छापायचा, असा ठराव व्यवस्थापन परिषदेकडून करून घ्या. क्रमांक नसलेली तरतूद करायची, तर लेखी कारण द्यावे लागेल. कुलगुरूंचा कार्यकाळ पाच वर्षांचा असतो आणि तो आराखड्याच्या पाच वर्षांशी जुळतोच असे नाही. मध्ये माणसे बदलली तरी हा क्रमांक टिकतो. तिमाही आढावा एका पानाचा असावा : झाले, चालू, अडले, आणि कशाने अडले. तीस महिन्यांनी मध्यावधी आढावा घ्या आणि त्यात ओळी रद्द करण्याचा अधिकार स्पष्ट लिहून ठेवा, नाही तर मेलेल्या ओळी शेवटपर्यंत 'प्रगतिपथावर' राहतात.

तुमचे साडेतीन महिने असे वाटता येतील. पहिले तीन आठवडे आधारसामग्री. पुढचे दोन आठवडे माणसे आणि पैशांची गणिते. मग ती चारशेंची यादी काढा, रकाने भरून पुन्हा विभागांकडे पाठवा आणि दहा दिवस द्या. आवर्ती खर्च आणि जबाबदार पद लिहावे लागले की बऱ्याच मागण्या विभाग स्वतःच मागे घेतात. त्यानंतर तीन बैठका, जळगाव, धुळे आणि नंदुरबार इथे एकेक, प्राचार्य, विद्यार्थी आणि स्थानिक उद्योगांसोबत. नंदुरबारची बैठक शहरातच घेऊन थांबू नका, शक्य असेल तर एक धडगाव किंवा अक्कलकुव्यात घ्या, आणि विद्यार्थ्यांना त्यांच्या भाषेत बोलू द्या. उरलेल्या वेळात लेखन. मजकूर साठ पानांच्या आत ठेवा, तक्ते वेगळे जोडा, मूळ मसुदा मराठीत करा म्हणजे अधिसभेत तो प्रत्यक्ष वाचला जाईल. अधिसभेच्या बैठका वर्षातून मोजक्याच होतात. तिची तारीख आजच कुलसचिव कार्यालयातून घ्या आणि विद्या परिषद व व्यवस्थापन परिषदेच्या तारखा तिथून उलट मोजत या. कार्यक्रमपत्रिकेसोबत मसुदा सदस्यांना जाण्याचा दिवस हीच तुमची खरी मुदत आहे, आणि ती आदेशातल्या मुदतीपेक्षा अलीकडची निघण्याचा संभव मोठा.